नक्षी शाबूत, तरीही टायर बाद: जपलेल्या जुन्या गाडीच्या टायरांचे वय

हौसेने जपलेली जुनी गाडी वर्षाला फार तर हजार-दीड हजार किलोमीटर चालते. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि रोजच्या गाडीवर ती चाळीस-पन्नास हजार किलोमीटरमध्ये संपते. या हिशेबाने संग्रहातल्या गाडीचे टायर झिजायला पंचवीस-तीस वर्षे तरी लागतील. तितकी वर्षे टायर सुरक्षित राहत नाही. त्यामुळे या गाड्यांचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. पंचाईत अशी की वयाने गेलेला टायर लांबून अगदी धडधाकट दिसतो: काळाभोर, खोल नक्षीचा, हवा टिकवून धरणारा.

रोजच्या गाडीत नक्षी गुळगुळीत झाली की मालकाला ते आपोआप कळते. जुन्या गाडीत असा इशारा मिळत नाही. तिथे नक्षीवर भरवसा न ठेवता टायरवर छापलेली तारीख पाहावी लागते आणि त्या तारखेला मान द्यावा लागतो.

रबर जुने होते म्हणजे काय होते

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन गंधकाच्या मदतीने या साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधतात. हे बंध कमी पडले तर रबर मऊ आणि चिकट राहते, जास्त झाले तर कडक आणि ठिसूळ होते. टायर बनवणारा यातला नेमका मध्य साधतो, पण पुढे तो तसाच टिकत नाही. हवेतला ऑक्सिजन रबरात शिरतो, साखळ्यांमध्ये नको तिथे नवे बंध तयार करतो आणि काही साखळ्या तोडतो. ताण सोसून पूर्ववत होण्याची ताकद हळूहळू ओसरते. टेबलाच्या खणात अनेक वर्षे पडलेला रबरबँड ताणताच तुटतो, त्याचे कारण हेच.

या बिघाडाला सगळ्यात जास्त बळ देते ती उष्णता. तापमान साधारण १० अंश सेल्सियसने वाढले की ऑक्सिजनची ही क्रिया जवळपास दुप्पट वेगाने होते. त्यामुळे पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये काढलेली पाच वर्षे आणि थंड, बंदिस्त गॅरेजमध्ये काढलेली पाच वर्षे टायरच्या दृष्टीने सारखी नसतात.

दुसरा शत्रू ओझोन. हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असते, पण तो ताणलेल्या रबराच्या पृष्ठभागावर थेट हल्ला करतो आणि ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पाडतो. रबर सैल असेल तर ओझोन फारसे बिघडवू शकत नाही. पण उभ्या गाडीच्या टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) वजनाने फुगलेली, म्हणजे सतत ताणलेली असते आणि महिनोन् महिने तीच जागा ताणाखाली राहते. विजेच्या मोटारी आणि वेल्डिंगची यंत्रे यांच्या ठिणग्यांतूनही ओझोन तयार होतो. म्हणजे ज्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाडीची निगा राखली जाते, तिथलीच हवा टायरला बाधते.

यावर उपाय म्हणून रबरात खास मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पातळ कवच तयार करतात. साइडवॉलवर दिसणारी तपकिरी झाक बऱ्याचदा याच रसायनांची असते, ती मळ नव्हे. टायर फिरतो, दबतो, सुटतो तेव्हा आतला साठा वर येऊन कवच नवे होत राहते. टायर जागचा हललाच नाही तर हे नूतनीकरण जवळजवळ थांबते. कमी वापर म्हणजे जास्त आयुष्य हा समज टायरच्या बाबतीत फसवा आहे तो यामुळे.

कडक ब्रशने, पेट्रोलने किंवा सॉल्व्हंट असलेल्या चकाकीच्या द्रवाने टायर घासणारे हेच कवच काढून टाकतात. टायरला सौम्य साबण आणि पाणी पुरते. चमक हवीच असेल तर पाण्यावर आधारित द्रव वापरावा, तोही प्रदर्शनापुरता, आणि नंतर धुऊन टाकावा. पांढऱ्या पट्ट्याच्या टायरांची आणखी काळजी घ्यावी. काळ्या रबरातला कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी भुकटी) अतिनील किरण शोषून घेतो, पांढऱ्या रबरात तो नसतो.

खरा धोका आत असतो

साइडवॉलच्या भेगा दिसतात म्हणून लोक त्यांना घाबरतात. पण मोठे अपघात बहुतेक वेळा न दिसणाऱ्या जागेतून घडतात.

रेडियल टायरमध्ये (ही जात पुढे समजावली आहे) नक्षीच्या थराखाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक बसवलेले असतात. तारांवर पितळेचा पातळ मुलामा असतो. रबरातले गंधक आणि मुलाम्यातले तांबे यांच्यात रासायनिक बंध तयार होतो आणि रबर तारेला धरून राहते. दोन पट्ट्यांमधल्या पातळ रबरावर सगळ्यात जास्त ताण येतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात पट्ट्यांच्या कडा एकमेकींच्या उलट दिशेने थोड्या सरकतात आणि ती हालचाल हे रबर सोसते. ते ताजे असते तोवर लाखो फेऱ्यांनीही काही बिघडत नाही. कडक झाले की कडेपाशी सूक्ष्म चीर पडते आणि पट्ट्यांमधून आत सरकू लागते. एके दिवशी भर वेगात नक्षीचा अख्खा थर वरच्या पट्ट्यासकट सुटून येतो.

या रबरापर्यंत ऑक्सिजन मुख्यतः आतून पोहोचतो. टायरमध्ये २ बार (हे दाबाचे एकक) हवा भरली म्हणजे वातावरणाचा दाब धरून आत ३ बार झाले. बाहेरच्या मोकळ्या हवेच्या तिप्पट ऑक्सिजन आतल्या बाजूने रबरावर दाबला जातो. ट्यूबलेस टायरच्या आतल्या पृष्ठभागावर ब्युटाइल जातीच्या रबराचे अस्तर असते. ते हवेला अडवते, पण पूर्णपणे नाही. थोडी हवा झिरपतच असते आणि वाटेत पट्ट्यांचे रबर वृद्ध करत जाते. म्हणून हवा भरून गाडीला बसवलेला टायर एकही किलोमीटर न चालता म्हातारा होतो. डिकीतल्या स्टेपनीलाही हेच लागू आहे.

नायट्रोजन भरल्याने हे आतून होणारे ऑक्सिडेशन मंदावते. जुन्या गाडीत नायट्रोजन भरण्याला अर्थ आहे, पण बाहेरून चालणारा ऊन, उष्णता आणि ओझोनचा मारा त्याने थांबत नाही. नायट्रोजन भरला म्हणून टायर बदलण्याची तारीख पुढे ढकलू नये.

नक्षीचा थर सुटण्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतले. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. ते प्रामुख्याने फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. त्यात रचनेचे आणि निर्मितीचे प्रश्न होतेच, पण तक्रारी उष्ण हवेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत एकवटलेल्या होत्या. उष्णता आणि वय मिळून पट्ट्यांमधले रबर कसे कमकुवत करतात याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकी सरकारने त्यानंतर हाती घेतला.

जुन्या गाडीत थर सुटणे विशेष महागात पडते. शंभरच्या वेगाने फिरणारा रबर-पोलादाचा पट्टा मडगार्डचा पत्रा फाडतो, ब्रेकची नळी किंवा पेट्रोलची लाइन तोडू शकतो. दुर्मीळ गाडीचे मूळ मडगार्ड एकदा गेले की तसे दुसरे मिळेलच असे नाही. शिवाय घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा या गाड्यांत नसते आणि अनेकांत एअरबॅगही नसते.

पकड जाते ती गुपचूप

थर सुटला नाही तरी जुना टायर धोक्याचाच. रस्त्याला टेकणारे रबर मऊ असेल तर ते डांबरातल्या खडीच्या बारीक उंचवट्यांवर बसते आणि पकड मिळते. कडक झालेले रबर त्या उंचवट्यांवरून घसरत जाते. कोरड्या रस्त्यावर, सावकाश चालवताना हा फरक जाणवतच नाही. ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबावा लागला की मगच कळतो.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या अपघातात गेला, ती गाडी पोर्शे कॅरेरा जीटी होती. संग्राहक जिच्यासाठी जीव टाकतात अशी. तपासात ताशी साधारण १३० ते १५० किलोमीटरचा असुरक्षित वेग हे कारण ठरले. त्याच तपासात हेही नोंदले गेले की टायर ९ वर्षांचे होते आणि त्या वयामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असावा.

रबराचा कडकपणा मोजणारे ड्युरोमीटर नावाचे छोटे उपकरण मिळते. त्याची सुई नक्षीच्या ठोकळ्यावर दाबायची आणि शोर ए या कडकपणाच्या मापनात आकडा वाचायचा: आकडा जितका मोठा, तितके रबर कडक. साध्या उन्हाळी टायरचे नवे रबर बहुधा ६० ते ७० च्या दरम्यान असते. आकडा ८० च्या आसपास गेला तर पकड बरीच ओसरली असे समजावे. मोजताना टायर सावलीत, नेहमीच्या तापमानाला आलेला असावा, कारण गरम रबर मऊ वाटते. एक इशारा महत्त्वाचा: हा आकडा फक्त वरच्या रबराचा आहे. आत पट्ट्यांची काय अवस्था आहे हे तो सांगत नाही, त्यामुळे आकडा चांगला आला म्हणून दहा वर्षांचा टायर ठेवू नये.

तारीख कुठे आणि कशी वाचायची

साइडवॉलवर ‘डीओटी’ या रोमन अक्षरांनी सुरू होणारी अक्षरे आणि आकड्यांची ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा, साधारण जूनचा पहिला पंधरवडा. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरांवरही चार आकड्यांचा हाच संकेत असतो.

बऱ्याच टायरांवर ही पूर्ण ओळ एकाच बाजूला छापलेली असते. बाहेरच्या बाजूला अर्धवट ओळ दिसली आणि शेवटचे चार आकडे नसले तर ते आतल्या बाजूला असतील. गाडीखाली वाकून टॉर्च मारावा किंवा चाक काढावे. पांढरा पट्टा किंवा पांढरी अक्षरे बाहेर ठेवण्यासाठी टायर उलटून बसवलेले असतात, तिथे हे हमखास होते.

२००० पूर्वी चारऐवजी तीनच आकडे असत: दोन आठवड्याचे, एक वर्षाचा. ४१७ म्हणजे ४१ वा आठवडा, पण १९८७ चा की १९९७ चा? नव्वदच्या दशकातल्या काही टायरांवर आकड्यांनंतर छोटा त्रिकोण असतो, त्यावरून दशक ओळखता येते. हे शोधण्यात वेळ घालवण्याचे मात्र कारण नाही. तीन आकडी टायर पाव शतकाहून जुना आहे आणि तो रस्त्यावर नेण्यासारखा नाही.

पाचही टायर तपासा. एकाच गाडीवर तीन वेगवेगळ्या वर्षांचे टायर सापडणे अगदी सामान्य आहे. सगळे आकडे कागदावर उतरवून गाडीच्या नोंदवहीत लावा. जुनी गाडी विकत घेताना हे पहिल्या दहा मिनिटांत करावे. ‘टायर नवेच आहेत’ असे विक्रेता मनापासून सांगत असतो, फक्त ते नवे बसवल्याला बारा वर्षे झालेली असतात.

मग किती वर्षे?

अमुक दिवशी टायर निकामी होतो अशी तारीख विज्ञानाने दिलेली नाही. ऊन, उष्णता, हवेचा दाब, वजन, वेग आणि मूळ घडण या सगळ्यांवर ते अवलंबून आहे. पण उद्योगाचा आणि कायद्याचा कल स्पष्ट आहे. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, नक्षी कितीही असो. मिशलिनचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि निर्मितीपासून दहा वर्षे झाली की स्टेपनीसकट बदलावेत. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या अॅक्सलवर दहा वर्षांहून जुने टायर वापरायला बंदी आहे. जर्मनीत गाडीमागे ट्रेलर जोडून ताशी १०० किलोमीटरची परवानगी हवी असेल तर ट्रेलरचे टायर सहा वर्षांच्या आतले लागतात.

आमची शिफारस अशी. पाचव्या वर्षानंतर दरवर्षी चाके काढून तपासणी. ताशी शंभरच्या पुढे जाणारी, वजनदार किंवा उष्ण प्रदेशात राहणारी गाडी असेल तर सहा-सात वर्षांत बदल. सावकाश, थंड हवेत, आखूड फेऱ्या मारणारी गाडी असेल तर तपासणीत निर्दोष ठरत असेपर्यंत दहा वर्षे. दहानंतर कोणतीही सबब नको. ही वर्षे निर्मितीच्या तारखेपासून मोजायची, बसवल्याच्या दिवसापासून नव्हे.

वर्षातून एकदा करायची तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून जॅकवर आणि नंतर स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली वाकू नका. चाक काढा, कारण आतली साइडवॉल गाडीला लागलेले असताना नीट दिसत नाही, आणि इंजिनची उष्णता व गळणारे तेल त्याच बाजूला जास्त पोहोचते. तेल लागलेले रबर फुगते आणि मऊ पडते. असा भाग बोटाला भुसभुशीत लागतो.

दोन्ही साइडवॉल अंगठ्यांनी दाबून वाकवा आणि वाकलेल्या जागी भेगा शोधा. केसासारख्या वरवरच्या रेघा म्हणजे वयाची खूण. त्या भेगांत नख अडकत असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर टायर तिथेच बाद. नक्षीच्या खोबणीचा तळ टॉर्चने पाहा. खोबणीच्या तळाशी गोलाकार धावणाऱ्या भेगा साइडवॉलच्या भेगांपेक्षा जास्त गंभीर, कारण त्याखाली थेट पोलादी पट्टे असतात आणि भेगेतून पाणी गेले की तारा गंजतात. रिमवर बसणारी कड, विशेषतः रिमच्या ओठाजवळचा भाग, हाही पाहावा.

चाक परत बसवून हाताने गरगर फिरवा आणि नक्षीकडे समोरून, एका स्थिर वस्तूच्या आधाराने बघा. नक्षी एखाद्या जागी डावी-उजवीकडे हलत असेल किंवा वर उचललेली दिसत असेल तर पट्टे सुटू लागले आहेत. तळहात नक्षीवरून फिरवला तर असा उंचवटा डोळ्यांआधी हाताला कळतो. साइडवॉलवरचा फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेले. त्यावर दुरुस्ती नाही.

व्हॉल्व्ह विसरू नका. रबरी व्हॉल्व्हची दांडी वाकवून मुळाशी भेगा आहेत का बघा. टायर बदलताना व्हॉल्व्ह न बदलणे म्हणजे काही पैशांसाठी सगळा संच धोक्यात घालणे.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात हवेचा दाब महिन्यातून एकदा, टायर थंड असताना मोजा. निरोगी टायरही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा गमावतो. तीन महिने उभी असलेली गाडी थेट बाहेर काढली तर कमी हवेमुळे साइडवॉल जास्त वाकते, तापते, आणि आधीच म्हातारे झालेले रबर नेमके तिथे हार मानते. एकच टायर इतरांपेक्षा लवकर हवा सोडत असेल तर पुन्हा पुन्हा हवा भरत बसू नका, कारण शोधा.

चालवताना मिळणारे इशारे

पट्टे सुटू लागले की अचानक काही होण्याआधी टायर बऱ्याचदा सूचना देतो. ताशी २० ते ४० किलोमीटरला स्टीअरिंग हळूच डावी-उजवीकडे डुलते किंवा गाडीचा मागचा भाग झोके घेतो. वेग वाढला की ते थरथरीत बदलते. नवे बॅलन्सिंग करूनही हलके हादरे कायम राहतात. चाकाच्या गतीबरोबर वाढणारा ‘धप धप’ आवाज ही दुसरी खूण.

उभ्या गाडीच्या टायरला खाली पडलेला चपटा डागही असाच हादरा देतो. फरक असा की तात्पुरता चपटेपणा पंधरा-वीस किलोमीटर चालून टायर गरम झाला की निवळतो. सुटलेल्या पट्ट्याचा हादरा निवळत नाही, वाढतो. वीस किलोमीटरनंतरही तो तसाच असेल तर प्रवास तिथेच थांबवा आणि गाडी उचलून न्या.

भर वेगात थर सुटलाच तर मोठा आवाज होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. त्या क्षणी ब्रेक जोरात दाबण्याची ऊर्मी आवरा. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरा, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग बराच उतरल्यावरच हलका ब्रेक लावून कडेला घ्या. मागचा टायर गेला असेल तर अचानक ब्रेकमुळे किंवा झटक्याने वळवल्यामुळे गाडी गिरकी घेते.

नवे टायर निवडताना

जुन्या गाड्यांवर दोन जातीचे टायर असतात. बायस प्लाय टायरमध्ये धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदून टाकलेले असतात. रेडियलमध्ये धागे कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात आणि वर पट्टे असतात. मिशलिनने १९४६ मध्ये रेडियलचे पेटंट घेतले आणि ते हळूहळू सर्वत्र पसरले. एका अॅक्सलवर या दोन जाती कधीही मिसळू नका. शक्यतो चारही सारखे ठेवा. पुढे रेडियल आणि मागे बायस हा सर्वांत घातक संयोग, कारण वळणात मागची पकड आधी सुटते.

बायस टायरसाठी बनवलेल्या जुन्या रिमवर रेडियल बसवताना विचार करावा. रेडियलची पकड जास्त असल्याने वळणात रिमवर जास्त बाजूचा जोर येतो आणि जुन्या रिमला तडे जाऊ शकतात. बसवण्याआधी रिम रंग खरवडून, विशेषतः नटांच्या भोकांभोवती आणि जोडांवर, तपासून घ्या.

मापात गोंधळ खूप होतो. जुन्या टायरवर ‘१६५ एसआर १५’ असे असते: रुंदी १६५ मिलिमीटर, एस वेगश्रेणी, रेडियल, १५ इंची रिम. उंचीची टक्केवारी लिहिलेली नसते, ती साधारण ८० ते ८२ टक्के धरायची. दुकानातला माणूस ‘१६५ आहे ना’ म्हणत १६५/६५ आर १५ पुढे करील. जुन्याचा व्यास सुमारे ६५० मिलिमीटर, नव्याचा सुमारे ५९५. म्हणजे साडेआठ टक्के लहान. गाडी खाली बसेल, इंजिन जास्त फिरेल आणि खरा वेग १०० असताना स्पीडोमीटर १०९ च्या आसपास दाखवेल. दिसायलाही ती गाडी विद्रूप वाटते.

त्याहून गंभीर भाग वजनाचा. साइडवॉलवरच्या मापानंतरचा आकडा भारनिर्देशांक असतो. ८६ म्हणजे एका टायरला ५३० किलो, ८१ म्हणजे ४६२ किलो. चार टायरांत तब्बल २७२ किलोंचा फरक. मूळ निर्देशांकापेक्षा कमी घेऊ नये. वेगश्रेणीची अक्षरेही मूळच्या बरोबरीची किंवा वरची हवीत: एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किलोमीटर ताशी. जुन्या टायरांवरचे ‘व्हीआर’ मात्र ‘२१० च्या वर’ एवढेच सांगत असे, त्यामुळे त्या गाडीचा खरा कमाल वेग पाहून अक्षर ठरवावे.

जुन्या मापांचे आणि जुन्याच नक्षीचे टायर आजही नव्याने बनतात. मिशलिन आणि पिरेली यांची क्लासिक गाड्यांसाठी स्वतंत्र श्रेणी आहे. गाडीचे रूप आणि हाताळणी टिकवायची असेल तर हाच उत्तम मार्ग, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणे योग्यच आहे. हे टायर लहान तुकड्यांत, कधी कधी काही वर्षांच्या अंतराने बनतात. म्हणून मागणी नोंदवण्याआधी डीओटीचे चार आकडे लेखी मागा. दोन वर्षांच्या आतले घ्या. गोदामात पडून राहिलेल्या ‘जुन्या पण न वापरलेल्या’ टायरांच्या मोहात पडू नका. थंड अंधारात ते थोडे सावकाश म्हातारे होतात, इतकेच.

ट्यूब आणि तारांची चाके

तारांच्या (स्पोकच्या) चाकांत प्रत्येक तारेच्या भोकातून हवा गळते, म्हणून ट्यूब लागतेच. अनेक जुन्या पोलादी रिमना कडेजवळचा तो बारीक उंचवटा नसतो, जो हवा कमी झाल्यावर टायरची कड आत घसरू देत नाही. अशा रिमवरही ट्यूब वापरावी.

ट्यूब टायरच्या मापाचीच हवी. मोठी घेतली तर आत घडी पडते आणि घडीवर ती घासून फाटते. लहान घेतली तर जास्त ताणून पातळ होते. रेडियलसाठी रेडियलचीच ट्यूब घ्या. नव्या टायरच्या आतले कागदी लेबल काढून टाका, ते ट्यूबला घासत राहते. टायरच्या आत हात फिरवून उठावदार रेघा किंवा खडबडीत जाळी नाही ना हे पाहा, टॅल्कम पावडरचा हलका हात द्या, तारांची टोके झाकणारी रबरी पट्टी नवी टाका. जुनी ट्यूब पुन्हा वापरू नका. ती एकदा ताणून वाढलेली असते, नव्या टायरमध्ये तिची घडी पडतेच.

ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर हवा बऱ्याचदा सावकाश जाते. ट्यूब फुटली की हवा व्हॉल्व्हच्या भोकातून आणि तारांच्या भोकांतून क्षणात निघून जाते.

गाडी उभी ठेवायची असेल तर

महिन्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवणे हा सगळ्यांत चांगला इलाज. टायर, ब्रेक, इंजिन सगळ्यांनाच तो मानवतो. नुसते इंजिन चालू करून बंद करण्याने टायरला काहीच मिळत नाही.

ते शक्य नसेल तर हवा नेहमीपेक्षा वाढवून ठेवा, पण साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर नको. स्टीअरिंगजवळ तशी चिठ्ठी अडकवा, म्हणजे गाडी काढताना दाब परत उतरवायचे लक्षात राहील. दीर्घ काळासाठी गाडी स्टँडवर घ्यावी आणि आधार अॅक्सलखाली किंवा खालच्या सस्पेन्शन आर्मखाली द्यावा. चासीखाली दिला तर सस्पेन्शन लोंबकळते आणि त्याचे रबरी बुश वाकड्या स्थितीत अडकून खराब होतात. चाकांखाली ओल धरणारी जमीन नको, लाकडी फळी टाका. बॅटरी चार्जर, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचे यंत्र गाडीपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत हलवा. खिडकीतून रोज ऊन एकाच चाकावर पडत असेल तर त्या चाकावर कापड टाका.

काढून ठेवलेले सुटे टायर उभे ठेवावेत आणि महिन्याला थोडे फिरवावेत. रिमसकट असतील तर आडवे एकावर एक ठेवावेत. स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधले तर ओझोन आणि प्रकाश दोन्ही अडतात.

काही मालकांकडे गाडीबरोबर आलेले मूळ टायर असतात आणि प्रदर्शनात त्यांना मोल असते. ते टाकून द्यायची गरज नाही. ते वेगळ्या रिमवर चढवून ठेवावेत, फक्त प्रदर्शनाच्या जागी गाडीला लावावेत आणि गाडी तिथपर्यंत ट्रेलरवर न्यावी. डिकीतल्या मूळ स्टेपनीचेही तेच. तिच्यावर ‘फक्त दाखवण्यासाठी’ असा ठळक पट्टा चिकटवा. रात्री पाऊस पडत असताना, घाईत, दुसऱ्याच कुणीतरी ती लावण्याची वेळ येऊ शकते. लांबच्या प्रवासाला खरी, तारखेत बसणारी स्टेपनी वेगळी न्या.

नवे टायर लागल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सौम्य चालवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रवाचा अंश नक्षीवर असतो आणि तो जाईपर्यंत पकड कमी असते. चाकाचे नट पाना लावून, ठरलेल्या जोरानेच आवळा आणि ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मधल्या एकाच मोठ्या नटाने बसणारी चाके पहिल्या काही किलोमीटरनंतरच पुन्हा ठोकून पाहावीत. उतरवलेले जुने टायर कोपऱ्यात ठेवू नका आणि फुकट देऊ तर नकाच. साइडवॉलला सुरीने आरपार चीर पाडूनच ते भंगारात द्या, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली जाणार नाहीत.